भरलेला डबा

मी जन्मात मासा तोंडात घातलेला नाही, आणि बीडच्या बाजारात बरीच वर्षं डब्यातला मासा विकला. आमच्या घरात हे अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही. आम्ही लिंगायत वाणी. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, दुकानात डाळ, गूळ, खोबरं, तेल. वडिलांच्या काळात अंड्याची टोपली घेऊन कुणी पायरीवर टेकलं तरी ते वरून ओरडायचे, "पुढं जाऊन बस, बाबा." त्या माणसाच्या दुकानात मासळीची पेटी आली कशी, ते आधी सांगतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, मी, म्हणजे अप्पा वाणी, बहकलो.

ती वर्षं अशी होती की रोज काहीतरी नवीन बाजारात यायचं. देशाचा व्यापार खुला झाला, असं पेपरात यायचं. आमच्या गल्लीत त्याचा अर्थ एवढाच, की कालपर्यंत ज्याचं नाव ठाऊक नव्हतं ते गिऱ्हाईक आज मागायला लागलं. लग्नात फ्रूट सॅलड करायची टूम निघाली आणि डब्यातल्या अननसाला मागणी आली. औरंगाबादच्या एजन्सीकडं अननस होता. पण एजन्सीवाला म्हणाला, "अननसाच्या पाच पेट्यांमागं एक पेटी टूना घ्यावी लागंल." मला वाटलं टूना हेपण फळच. पेटी उघडली तर चपटे गोल डबे, त्यावर निळ्या पाण्यात उडी मारणारा मासा. वडील तेव्हा गादीवर बसत नव्हते, पण घरात होते. मी ती पेटी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यांच्या आड ढकलली आणि वर गोणपाट टाकलं.

ती बाहेर काढली रज्जाकभाईंनी. रज्जाकभाई आमच्या समोरच्या गॅरेजचे मिस्त्री, अरबस्तानात जेद्द्याला राहून आलेले. एकदा शेडमध्ये पाईप बघायला आले आणि गोणपाट उचलून म्हणाले, "अप्पा, ये तो टूना है. तुमारे यहां?"

"हळू बोला," मी म्हणालो.

"वहां तो रोज खाते थे हम. कांदा, लिंबू, मिरची डालके. यहां छुपाके कायकू रखे?"

त्यांनीच मला सांगितलं की अरबस्तानातून परत आलेली कितीतरी माणसं बीडमध्ये आहेत आणि त्यांना ही चव हवी असते. दोन-चार दिवसांत ती माणसं यायला लागली. शिवाय बँकेत बदलून आलेले मालवणकडचे एक साहेब यायचे. ते डबा हातात घेऊन लेकरासारखे हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे याला कुपा म्हणतात हो." बघता बघता पेटी संपली. मी दुसरी मागवली, अननसाशिवाय. सोमवारी आणि सबंध श्रावणात त्या फळीवर पडदा टाकायचा आणि वडिलांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, एवढी एक तडजोड आईशी झाली.

आता धंद्याची गोम सांगतो. डाळ मी दाताखाली धरून सांगू शकतो कुठल्या गावची आहे. गूळ बोटानं कळतो, खोबरं वासानं. पण डबाबंद मासळी कशावरून ओळखायची? चित्र सगळ्यांवर तेच, आत मात्र दर पेटीला वेगळं. एका पेटीत पांढऱ्या फोडी, दुसरीत काळपट भुगा, तिसरीत निम्मं तेल. डबा आम्ही उघडणार नाही, उघडला तरी खाणार नाही. तेव्हा मी आणि रज्जाकभाईंनी एक रीत बसवली. नवी पेटी आली की एक डबा त्यांना. ते गॅरेजच्या बाकड्यावर बसून खायचे आणि मी रस्त्याच्या ह्या बाजूला, गादीवरून त्यांचं तोंड बघत बसायचो. मान हलली की पेटी चांगली. "अप्पा, इसमें मछली ढूंढनी पडती" असं म्हणाले की माझं जेवण गेलंच समजायचं. माझी बायको म्हणायची, "घोर लागला न्हाई तर तुमाला करमत न्हाई." खरंच आहे ते. माझ्या स्वभावाला घोर चिकटलेलाच आहे, आणि हा माल तर घोराचाच होता.

वाईट पेट्या वाढत गेल्या. कुठल्या कारखान्यातनं येतात, विचारलं तर एजन्सीचा माणूस म्हणायचा, "माल एकच आहे, अप्पा, तुमच्या गिऱ्हाइकाची जीभ फिरली." मालवणचे साहेब एकदा चिडून आले. "अप्पा, मागचा डबा म्हणजे ओला भुसा होता. घरची आठवण येते म्हणून नेला, आणि रडू आलं." त्यांना मी बदली डबा दिला, तोही भुसाच निघाला. मग ते फक्त तांदूळ न्यायला यायचे आणि त्या फळीकडं बघायचे नाहीत. लोकांचं असंच असतं. एकदा फसला तर नशीब म्हणतो, दुसऱ्यांदा फसला तर वाट बदलतो. जी फळी महिन्यात दोनदा भरायची ती चार-चार महिने हलेना. माझ्याकडून माल नेणाऱ्या लिंबागणेशच्या आणि तलवाड्याच्या दुकानदारांनी तर तोंडावर सांगितलं, "अप्पा, त्ये मासळीचं नगं आता." राहिला एकटा काशिनाथ.

काशिनाथ म्हणजे धारूरचा किराणावाला, शाळेपासूनचा दोस्त, आमच्यातलाच. महिन्यातून एकदा माझ्याकडून माल भरून न्यायचा. त्या उन्हाळ्यात तो आला तेव्हा रज्जाकभाई पुन्हा जेद्द्याला गेलेले होते आणि शेडमध्ये एक पेटी न चाखलेली पडली होती. पत्रा असा तापलेला की वरून कावळासुद्धा चालत नव्हता. काशिनाथनं पेटीतले डबे एकेक उचलून अंगठ्यानं दाबून बघितले आणि त्यातले चार निवडले. दोन नेहमीसारखे सपाट, दोन जरा वर आलेले, टम्म.

"हे चार दे, हे दोन तर भरलेलेच," तो म्हणाला.

मी म्हणालो, "नजर आहे बुवा तुझी."

बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. पण आम्ही तेल-तुपाच्या धंद्यातली माणसं. आमच्याकडं तेलाच्या डब्याचा पत्रा आत गेलेला असला की माल कमी, गळका, नाहीतर काढून घेतलेला. पत्रा ताठ, वर आलेला म्हणजे डबा गच्च भरलेला. असा डबा आम्ही मागं ठेवतो आणि मानाच्या गिऱ्हाइकाला देतो. बापजाद्यांपासून अंगठ्याला लागलेली सवय ती. मासळीच्या डब्याला दुसरा नियम असेल हे आमच्या मनातसुद्धा आलं नाही.

पुढच्या आठवड्यात एजन्सीचा माणूस आला. मी कौतुकानं त्याला त्या पेटीतला एक टम्म डबा दाखवला. त्यानं झाकण दाबलं, ते 'टक' करून आत गेलं आणि परत वर आलं. त्याचा चेहरा उतरला.

"अप्पा, हा कुत्र्यालासुद्धा घालू नका."

त्यानं समजावलं ते असं. मासा डब्यात भरून, झाकण जोडून, डबा आतल्या मालासकट कडक तापवतात. ते तापवणं कमी पडलं किंवा जोड कुठं उसवला, तर आत सडायला लागतं, वायू धरतो आणि झाकण फुगतं. कधी कधी आत असं विष होतं की खाणाऱ्याला आधी एकाचे दोन दिसतात, मग गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. "सगळ्याच फुगलेल्या डब्यात होतं असं नाही," तो म्हणाला, "पण कुठल्यात आहे ते उघडून कळत नाही. वास येईलच असंही नाही."

मी विचारलं, "आणि सपाट डब्यात?"

तो म्हणाला, "सपाट म्हणजे ठीक समजायचं." समजायचं, म्हणाला. हा शब्द माझ्या कानात बसला.

मी टोपी घातली आणि स्कूटर काढली. बायको दारातून काही विचारत होती, मी ऐकलं नाही. बीड-धारूर रस्त्यावर मला डांबर दिसत नव्हतं, काशिनाथच्या अंगठ्याखालचे ते दोन डबे दिसत होते. घाटात गाडी तापून बंद पडली. ती थंड होईपर्यंत मी दगडावर लिंग मुठीत धरून नुसता बसलो. जप येईना. कुणीतरी मेलं आणि पोलीस माझ्या दारात आलेत, एवढंच पुन्हा पुन्हा दिसायचं. आणि खोटं कशाला सांगू, पोलिसांपेक्षा बापाचा चेहरा जास्त दिसायचा.

काशिनाथ फळीसमोर उभाच होता. मी धापा टाकत विचारलं, "ते दोन भरलेले डबे?"

"एक हा बघ. दुसरा गेला बे. काय झालं?"

"कुणाला गेला?"

"म्हाळू धनगराला. त्याची पोरगी पोटुशी हाय, तिला मासळीचे डव्हाळे लागलेत. तळी आटल्यात, मासळी आणावी कुठनं? बिचारा हात जोडत आलता. म्हणून मुद्दाम भरलेला दिला. दोन जिवांची हाय, तिला कावून हलका द्यावा?"

मी खाली बसलो. काशिनाथला सगळं सांगितलं तेव्हा तोही बसला. आम्ही दोघं शहाणे, चांगलं ते तिला मिळावं म्हणून त्यानं दिलं आणि मी त्याच्या नजरेचं कौतुक केलं. फळीवरचा दुसरा डबा त्यानं उचलून परसात खड्डा करून पुरला आणि हात माती लावून लावून धुतले.

म्हाळूच्या घरी जाऊन दार वाजवावं, तर घराला कुणी नव्हतं. उन्हाळ्यात धनगर मेंढरं घेऊन हिंडतात, ज्याच्या रानात मेंढरं बसवतील त्याला खत मिळतं, त्यांना ज्वारी मिळते. काल इथं, आज तिथं. काशिनाथ म्हणाला, किल्ल्याच्या खालच्या अंगाला असंल. मी स्कूटर घेऊन रानारानानं विचारत निघालो. एक म्हणाला परवा होते, दुसरा म्हणाला सकाळी वर सरकले. पायवाट संपली तिथं गाडी टाकली आणि नांगरटीतून चालत गेलो. ढेकळांनी चप्पल तुटली. दुपार चांगली कलली तेव्हा एका लिंबाखाली पाल दिसलं आणि कुत्री अंगावर आली.

म्हाळू पन्नाशीचा, वाळक्या शेंगेसारखा माणूस. त्यानं कुत्री आवरली, घोंगडं टाकलं, पाणी दिलं. लेक गिरजा पालाच्या तोंडाशी बसली होती, पोट दिसत होतं. तिच्या मागं देवाच्या टोपलीशेजारी डबा ठेवलेला, बंद, वर हळदीकुंकवाची बोटं. माझ्या जिवात जीव आला. तिची आत्या आणि दुसऱ्या कळपातल्या बायका संध्याकाळी यायच्या होत्या. त्यांच्यात डोहाळ्याचं खाणं एकटीनं खात नाहीत, पाच बायकांच्या पंगतीत खातात. तेवढ्यानं ते थांबलं होतं.

मी म्हणालो, "म्हाळू, मी बीडचा अप्पा वाणी, काशिनाथला माल देतो. तो डबा मला परत दे. बिघडलेला आहे."

म्हाळूनं माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. "बिगाडला कसा? गच भरलाय की."

"भरलेला नाही. फुगलाय. आत सडलंय."

"दुकानदारानं सवता सांगितलं, लई चांगला हाय, निवडून देतो म्हणून."

"त्याला माहीत नव्हतं. मला पण नव्हतं. तू दे, मी दुप्पट पैसे देतो."

इथं मी घोटाळा केला. म्हाळू जो सावध झाला तो झालाच. "अप्पा, तुमी बीडहून आलाव. उन्हात, चप्पल तोडून. एका डब्यापायी. वर दुप्पट पैसे देताव. वाणी असा फुकाचा उन्हात येत न्हाई. भरलेला डबा धनगराला गेला म्हणून परत मागाय आलाव, दुसरं काय?"

मी तिप्पट म्हणालो नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती. पण जितकं समजावू तितका त्या डब्याचा भाव त्याच्या मनात चढत गेला. शेवटी मी म्हणालो, "अरे, खाल्लं तर पोरगी मरेल."

"मंग तुमी खाऊन दावा. वाईट असंल तर थुका."

"मी मासा खात नाही, म्हाळू."

"त्येच म्हणतो म्या," तो शांतपणे म्हणाला. "चांगला असला तरी तुमी खाणार न्हाई, वाईट असला तरी खाणार न्हाई. मंग मला कळावं कसं?"

माणूस अडाणी नव्हता, बरोबर बोलत होता. सूर्य खाली चालला होता आणि लांबून बायांचे आवाज यायला लागले होते. मी गळ्यातला लिंगाचा करंडा उघडला, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि उजवा हात वर ठेवला. आम्ही लिंग शरीरावेगळं करत नाही. त्याची शपथ तर मी कोर्टातसुद्धा घेतली नसती. म्हणालो, "ह्याच्या साक्षीनं सांगतो. हा डबा खाण्यासारखा नाही. मला एक पैसा नको, तू तुझ्या हातानं फोड आणि पूर."

म्हाळूनं आधी मुंडासं काढलं. मग लिंगापुढं वाकला. मग उठला, डबा उचलून दूर नेला आणि कुऱ्हाडीचं टोक मारलं. फस्सकन फेस उडाला. असा वास आला की मेंढरं फिरली. कुत्रं धावलं त्याला म्हाळूनं दगड घालून हाकललं, डबा खोल पुरला, वर मोठा धोंडा ठेवला. परत येऊन तो माझ्याशेजारी बसला.

मला वाटलं, संपलं. मी लिंग करंड्यात ठेवायला लागलो. तेवढ्यात गिरजा बोलली.

"अप्पा, मागल्या बाजारी बा नं एक डबा आणलता. पंगतीपत्तर धीर धरवंना, त्यो म्या एकलीनंच खाल्ला."

माझा हात तसाच राहिला. "फुगलेला होता?"

"न्हाई. सपाट हुता."

"वास येत होता का?"

"डब्यातल्या मासळीला कसला वास असतो, मला काय ठावं? म्या आदी कवा खाल्ली?" तिनं पोटावर हात ठेवला. "तुमचाच डबा हुता. तुमी सांगा. चांगला हुता न्हवं?"

दुकानदाराच्या तोंडात उत्तर तयार असतं. एक नंबर माल, बिनधास्त खा. आयुष्यभर हजार वेळा म्हटलेलं. त्या पोरीला तेवढंच ऐकायचं होतं, आणि ते ऐकून ती झोपली असती. पण लिंग हातात होतं. रज्जाकभाईंनी ती पेटी चाखली नव्हती, आणि एजन्सीवाला 'समजायचं' म्हणाला होता.

"मला माहीत नाही, बाई," मी म्हणालो. "मी कधी खाल्लं नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, खरोखर कळत नव्हतं म्हणून बघितलं.

"मंग इकता कावून?"

म्हाळूला विनवून दुसऱ्या दिवशी तिला धारूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, खाऊन आठवडा झालाय, आता काही होत नाही. डॉक्टर म्हणाले म्हणून घोर जातो का? माझा गेला नाही. बीडला येऊन सगळी पेटी खड्ड्यात घातली, एजन्सीला अननससुद्धा नको म्हणून कळवलं. त्यांचा माणूस म्हणाला, "सगळीकडंच खप बसलाय, कारण कळत नाही." पुढं ती फळी साबणाला दिली. पण रोज गादीवर बसलो की वाटायचं, आज खबर येणार. धारूरची गाडी आली की मी उतरणाऱ्यांची तोंडं बघायचो. काशिनाथ यायचा, पण त्याला विचारायची हिंमत व्हायची नाही आणि तो आपणहून सांगायचा नाही. बायकोनं माझ्यासाठी नवस बोलला, कशासाठी ते तिला मी सांगितलं नव्हतं.

पोळा झाल्यावर एका सकाळी म्हाळू दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. मी त्याच्या चेहऱ्यावरून काही वाचायच्या आधीच तो बोलला.

"पोरगी झाली, अप्पा. दोगीबी बेस हाईत."

"डोळे उघडते?"

"उगाडती."

"दूध नीट गिळते?"

"गिळती की."

"रडते?"

"लई. समदी वाडी उठवती."

"रडू द्या," मी म्हणालो. तोंड फिरवून मी डाळीच्या पोत्यात हात घातला, उगीच.

मग पिशवी घेतली आणि बाळंतिणीच्या लाडवांचं सामान काढलं. गूळ, खोबरं, खारीक, डिंक, खसखस. म्हाळू खिसा चाचपायला लागला, त्याला मी हातानं थांबवलं. पिशवीत टाकायच्या आधी प्रत्येकातला एक तुकडा बाजूला काढून मी त्याच्यासमोर तोंडात टाकला आणि चावून गिळला. गूळ, मग खोबरं, मग खारीक. चिमूटभर खसखस. शेवटी डिंकाचा खडा.

म्हाळू बघत होता. म्हणाला, "अप्पा, डिंक कच्चा खात न्हाईत."

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि चावत राहिलो.